नाव आणि निदान : जनावरांच्या असंसर्गजन्य रोगांची मराठी परिभाषा

१

एखाद्या वर्गाचे नाव तो काय आहे यावरून न पडता तो काय नाही यावरून पडावे, असा प्रसंग शास्त्रीय परिभाषेत पुष्कळदा येतो. ‘असंसर्गजन्य रोग’ ही संज्ञा त्याचे ठळक उदाहरण होय. ‘सम्’ या उपसर्गासह ‘सृज्’ धातूपासून सिद्ध झालेल्या ‘संसर्ग’ या शब्दाचा मूळ अर्थ मिसळणे, संबंध येणे असा आहे. एका जनावराचा दुसऱ्याशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध आल्याने जे पसरतात ते संसर्गजन्य रोग. उरलेले सर्व असंसर्गजन्य. या उरलेल्यांत मात्र परस्परांशी काडीचेही नाते नसलेल्या गोष्टी एकत्र येतात. पचनाचे बिघाड, रक्तातील क्षारांची कमतरता, विषबाधा, अर्बुदे, ग्रंथींचे विकार, अतिस्थूलता, पोटात गेलेल्या तारा आणि खिळे, हे सर्व एकाच नकाराच्या छत्राखाली उभे असतात.

लोकभाषेत या नकाराला एक होकारार्थी पर्याय आहे. ‘लागणे’ आणि ‘बाधणे’ ही दोन क्रियापदे या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. ‘लागणे’ हे ऊन, दृष्ट, ठेच यांनाही चालते. परंतु ‘एकाचे दुसऱ्याला लागते’ अशी रचना झाली की तेथे संसर्गच अभिप्रेत असतो. ‘लागण’ हे नाम आणि ‘लागट’ हे विशेषण याच अर्थाने रूढ झाले. याउलट चारा बाधतो, पाणी बाधते, शिळे अन्न बाधते. आणि एका गाईला बाधलेला चारा तिच्याकडून शेजारच्या गाईला ‘बाधत’ नाही. दोघींनी तोच चारा खाल्ला असेल तर दोघींनाही बाधेल, एवढेच. शास्त्राला जो भेद ‘संसर्गजन्य’ आणि ‘असंसर्गजन्य’ अशा दीर्घ समासांनी दाखवावा लागतो, त्याचा मोठा भाग गोठ्यातील माणूस दोन क्रियापदांनी दाखवतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. संसर्गजन्य रोगांशी लढा बहुधा सामुदायिक असतो. बुळकांडीसारखा रोग लसीकरणाने आणि गुरांच्या हालचालींवरील नियंत्रणाने जगातून हटला, आणि २०११ मध्ये तसे अधिकृतपणे घोषित झाले. या यशात प्रत्येक पशुपालकाला त्या रोगाचे शास्त्र कळणे अपरिहार्य नव्हते. असंसर्गजन्य रोगांविरुद्ध अशी सामुदायिक तटबंदी सहसा उभारता येत नाही. त्यांच्यापैकी अनेकांना लस नाही, आणि काहींत तर उपचाराची मुदत तासांत मोजावी लागते. अशा वेळी पहिला निर्णय गोठ्यातच होतो, आणि तो मालकाला ठाऊक असलेल्या रोगनामाच्या आधारे होतो. नाव योग्य जागी पाहायला लावणारे असेल तर जनावर वाचते. भलतीकडे पाहायला लावणारे असेल तर वेळ जातो. म्हणून या रोगांच्या नावांचा विचार भाषेच्या अभ्यासकानेही करणे अगत्याचे आहे.

२

प्रथम वर्गाच्या सीमेचा विचार करू. ‘असंसर्गजन्य’ म्हणजे ‘सूक्ष्मजीवांशिवाय होणारा’ असा अर्थ अनेकदा गृहीत धरला जातो. तो बरोबर नाही. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव नित्य नांदत असतात, आणि वैरणीचे पचन त्यांच्यामुळेच घडते. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. या जनावराने एकाएकी पुष्कळ धान्य, पीठ, भात वा गोड अन्न खाल्ले तर पिष्ट पदार्थांवर वाढणारे जिवाणू झपाट्याने बळावतात व दुग्धाम्ल तयार करतात. कोठीपोटातील आम्लता वाढते, शरीरातील पाणी तिकडे ओढले जाते, रवंथ थांबते, जनावर दात खाते, झोकांड्या देते आणि वेळीच उपचार न झाल्यास दगावते. येथे जिवाणू आहेत, पण ते बाहेरून आलेले नाहीत. रोग आहे, पण तो कोणाकडून कोणाला जात नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांना प्रेमाने भरवलेल्या पुरणपोळ्यांचा अतिरेक, किंवा लग्नकार्यात उरलेल्या अन्नाची टोपली गाईपुढे रिकामी करणे, ही महाराष्ट्रातील ओळखीची निमित्ते होत. ‘अपचन’ हे सौम्य नाव या प्राणघातक अवस्थेला पुरे पडत नाही. ‘कोठीपोटाची आम्लबाधा’ असे म्हटल्यास निदान तिचे गांभीर्य व स्थान तरी कळते.

‘बाधणे’ या क्रियापदाचे नेमकेपण ज्वारीच्या उदाहरणात दिसते. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पावसाने ताण दिल्यामुळे खुरटलेल्या आणि कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकात, ‘धुरिन’ नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात असते. १९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री यांनी ते वेगळे केले. ज्वारीला अरबीत जे ‘धुरा’सारखे नाव आहे त्यावरून हा शब्द घडला, म्हणजे विषाच्या नावातच धान्याचे नाव राहिले. पाने चावली जाताच या द्रव्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. ते पेशींना रक्तातील प्राणवायू वापरू देत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसत असतानाच जनावर धापा टाकत कोसळते, आणि कधी कधी काही मिनिटांतच सारे संपते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देणे हा त्यावरील उपाय; पण पशुवैद्य पोहोचेपर्यंत जनावर जिवंत असावे लागते. फुलोऱ्यापूर्वीच्या ज्वारीत गुरे सोडू नयेत, हा शेतकऱ्यांचा दंडक या रसायनशास्त्राला धरूनच आहे. येथे ‘कोवळी ज्वारी बाधली’ हे वाक्य कारणासह निदान सांगते, आणि परिभाषेने त्यात फारशी भर घालण्याची गरज राहत नाही.

३

कारण डोळ्यांसमोर असते तेव्हा नाव कारणावरून पडते. ते दिसत नसते तेव्हा लक्षणावरून. ‘पोटफुगी’ हे लक्षणावरून पडलेले उत्तम मराठी नाव आहे. जनावराची डावी कूस फुगते, त्यावर थाप मारली असता ढोलासारखा आवाज येतो, आणि ऊठबस, लाथा झाडणे, तोंडाने श्वास घेणे ही चिन्हे दिसतात. फुगलेले कोठीपोट छातीच्या पडद्यावर दाब आणते व श्वास कोंडून मृत्यू येतो.

तथापि या एका नावाखाली दोन भिन्न घटना लपल्या आहेत. एका प्रकारात वायू मोकळा असतो आणि घशात अडकलेल्या कांद्याने, बटाट्याने वा अन्य कारणाने त्याची वाट बंद झालेली असते. दुसऱ्या प्रकारात कोवळा लसूणघास, बरसीम असा द्विदल चारा भरपूर खाल्ल्याने वायू फेसाच्या बारीक बुडबुड्यांत अडकून राहतो व ढेकर येऊ शकत नाही. पहिल्या प्रकारात पोटात नळी गेली की वायू सुटतो. दुसऱ्यात नळीतून वायू सुटत नाही. तेथे प्रथम फेस मोडावा लागतो, आणि त्यासाठी खाद्यतेल किंवा फेस मोडणारे औषध कामी येते. तेही घाईने तोंडात ओतले तर फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणजे लक्षणनामाने धोका अचूक सांगितला, पण उपायाच्या वाटा वेगळ्या दाखवल्या नाहीत. ‘वायूची पोटफुगी’ आणि ‘फेसाची पोटफुगी’ एवढा भेद शब्दांत आणला तरी ही उणीव भरून निघते.

‘लाल लघवी’ या नावाच्या बाबतीत असा भेद अधिकच निकडीचा ठरतो, कारण तेथे संसर्गजन्य व असंसर्गजन्य यांची सीमाच पुसली जाते. गोचिडांमार्फत शिरणाऱ्या सूक्ष्म परजीवींमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून लघवी लाल वा कॉफीच्या रंगाची होते. तसाच रंग, परजीवींचा काहीही संबंध नसताना, म्हशींमध्ये विशेषतः विण्याच्या सुमारास दिसतो. त्यामागे रक्तातील स्फुरदाची कमतरता असते. स्फुरद कमी झाला की तांबड्या पेशींची ऊर्जा आटते, त्यांचे आवरण दुबळे होते व त्या फुटू लागतात. पहिल्या रोगाला परजीवीनाशक औषध हवे, तर दुसऱ्याला शिरेतून स्फुरदाचा क्षार. दोन्हींत भेद दाखवणारी सर्वांत सुलभ खूण म्हणजे ताप. पहिल्यात तो बहुधा जोराचा असतो, दुसऱ्यात सहसा नसतो. ‘गोचीड ताप’ हे मराठी नाव या दृष्टीने प्रशंसनीय आहे. रोग आणणारा कोण आणि मुख्य चिन्ह कोणते, हे दोन्ही त्याने दोन शब्दांत सांगितले. दुसऱ्या रोगाला तितके सुटसुटीत नाव नाही. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द खतांमुळे शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेले असल्याने ‘स्फुरदाअभावी लाल लघवी’ असे म्हटल्यास ते परके वाटणार नाही.

४

लक्षणनामे अपुरी असतात. भाषांतरित नावे काही वेळा दिशाभूल करणारी असतात. ‘दुग्धज्वर’ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. युरोपातील भाषांत या रोगाची जी नावे रूढ झाली त्यांत दूध किंवा विणे यांच्या जोडीला तापाचा वाचक शब्द येत असे. इंग्रजी नावाचे पदशः भाषांतर होऊन मराठीत ‘दुग्धज्वर’ हा समास आला. समास व्याकरणशुद्ध आहे. अडचण इतकीच की या रोगात ज्वर नसतो.

चित्र साधारणपणे असे असते. तिसऱ्या किंवा पुढच्या वेतातील भरपूर दूध देणारी गाय वितेपर्यंत उत्तम असते. विल्यावर बहुधा एकदोन दिवसांत ती अडखळू लागते, बसते आणि उठू शकत नाही. मान कुशीकडे वळवून ती सुस्त पडते. कान थंडगार लागतात, नाकपुड्यांवरील ओलावा जातो, शेण व लघवी थांबते. तापमापकात पारा नेहमीच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली असतो. ज्याने ‘ज्वर’ हा शब्द ऐकला आहे तो ताप शोधतो. तो सापडत नाही म्हणून हा तो रोग नव्हे असे समजतो आणि गाय बाळंतपणाने थकली असेल, उद्या उठेल, असा निष्कर्ष काढतो. उपचाराविना राहिलेल्या बहुतेक गाईंच्या बाबतीत तो ‘उद्या’ येत नाही.

कारणाचा शोधही एका चुकीच्या कल्पनेतून पुढे सरकला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील पशुवैद्य श्मिट याची समजूत अशी होती की कासेत एखादे विष निर्माण होते. १८९७ मध्ये त्याने ते नष्ट करण्यासाठी सडांतून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण कासेत सोडले, आणि मरणाच्या दारी असलेल्या गाई उठू लागल्या. पुढे थोड्याच वर्षांत असे आढळले की औषधाची गरजच नाही; कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. उपाय खरा होता, उपपत्ती खोटी होती. १९२५ मध्ये ब्रिटनमध्ये ड्रायर व ग्रेग यांनी हा रोग रक्तातील कॅल्शियम घटल्यामुळे होतो अशी उपपत्ती मांडली, आणि त्याच वर्षी लिटल व राइट यांनी आजारी गाईंच्या रक्तात कॅल्शियम घटलेले असल्याचे मोजून दाखवले. हवेच्या दाबाने कासेत दूध उतरणे थांबत असे, त्याबरोबर कॅल्शियमचा निचराही थांबत असे. श्मिटच्या यशाचे रहस्य हेच होते.

हिशेब साधा आहे. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम खेळत असते. १० लिटर चिकात मात्र २० ग्रॅमहून अधिक कॅल्शियम निघून जाते. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरून काढण्याची यंत्रणा शरीरात आहे, पण ती पूर्ण वेगाने चालू होण्यास अवधी लागतो. वय वाढलेल्या आणि अधिक दुधाच्या गाईत हा अवधी पुरत नाही. स्नायू कॅल्शियमविना शिथिल होतात आणि गाय बसते. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून सावकाश दिले असता तीच गाय पुष्कळदा तासा-दोन तासांत उठून उभी राहते. ते वेगाने दिल्यास हृदय थांबू शकते, म्हणून हे काम पशुवैद्याचेच होय.

प्रतिबंधाच्या बाबतीत तर नाव आणि सामान्य तर्क दोन्ही फसतात. कॅल्शियम कमी पडते, तेव्हा गाभणकाळाच्या अखेरीस ते भरपूर चारावे, असे कोणालाही वाटेल. बोडा आणि कोल यांनी १९५४ मध्ये याच्या उलट दाखवले. विण्यापूर्वी कॅल्शियम कमी असलेला आहार दिल्यास रोग टळतो, कारण हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा आधीच जागी होते. भरपूर दिल्यास ती निद्रिस्त राहते. पुढे नॉर्वेतील संशोधनाने आहारातील इतर क्षारांचा समतोलही तितकाच महत्त्वाचा असल्याचे सिद्ध केले.

महाराष्ट्रात हा विषय दूरचा राहिलेला नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेसारख्या संस्थांच्या आणि शासनाच्या प्रयत्नांनी जर्सी व होल्स्टीन संकरित गाई गावोगाव पोहोचल्या. जर्सी ही तर या रोगाला विशेष बळी पडणारी जात. दूध वाढले, आणि वाढत्या दुधाबरोबर या रोगाची शक्यताही गोठ्यात आली.

येथे लोकसमजुतीचा एक धागा तपासण्याजोगा आहे. कासभर दूध असलेली गाय विल्यानंतर एकाएकी बसली की ‘दृष्ट लागली’ असे म्हणण्याची रीत आहे. या स्पष्टीकरणातील कारण निराधार आहे. परंतु त्याखालचे निरीक्षण खोटे नाही. गोठ्यातील सर्वांत दुभती, लोकांनी वाखाणलेली गाय बसते, हे लोकांनी बरोबर टिपले होते. ‘दुग्धज्वर’ या शब्दाने ताप नसलेल्या रोगात ताप सांगितला. ‘दृष्ट’ या शब्दाने दुधाच्या विपुलतेशी असलेला संबंध तरी जपला. मात्र दृष्ट काढण्यात गेलेला वेळ आणि ताप शोधण्यात गेलेला वेळ गाईच्या दृष्टीने सारखाच असतो.

संस्कृत शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे प्रकार मानले आहेत. ‘पाचक’ हा यौगिक, कारण त्याचा अर्थ अवयवांवरून कळतो. ‘मंडप’ हा रूढ, कारण त्याचे अवयव त्याच्या अर्थाशी जुळत नाहीत. ‘दुग्धज्वर’ हा शब्द दिसतो यौगिक, पण तो रूढ म्हणूनच घेतला पाहिजे. पाठ्यपुस्तकांत तो इतका स्थिरावला आहे की बदलणे आता कठीण. परंतु पशुपालकांसाठीच्या लेखनात त्याच्यासोबत ‘या रोगात ताप नसतो, कान थंड पडतात’ हे वाक्य नित्य आले पाहिजे.

५

घरात पाळलेल्या कुत्र्यामांजरांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. त्यांच्या रोगांची नावे माणसाच्या रोगांवरून घेतली जातात. ‘मधुमेह’ हे त्याचे उदाहरण. ‘मिह्’ धातूपासून झालेला ‘मेह’ आणि त्यामागे ‘मधु’, अशी या शब्दाची घडण आहे. मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले असता त्याला मधुमेह झाला, आणि १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी टोरांटो येथे कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच इन्सुलिन मिळवले. नाव माणसाकडून कुत्र्याकडे गेले. उपचार कुत्र्याकडून माणसाकडे आला. तथापि नाव एक असले तरी रोगाची रीत सर्वत्र एक नाही. कुत्र्याच्या मधुमेहात जवळजवळ नेहमी इन्सुलिनच द्यावे लागते, तर मांजराचा मधुमेह स्थूलतेशी निगडित अशा मानवी प्रकाराला जवळचा असतो. घरातील माणसाच्या गोळ्या कुत्र्याला देण्याचा मोह नावाच्या समानतेतून उद्भवतो, आणि तो घातक ठरू शकतो.

काही वेळा रोगाला नाव नसणे, किंबहुना त्याला स्तुतिवाचक शब्द असणे, हेच निदानाच्या आड येते. ‘गुटगुटीत’ हा मराठीत कौतुकाचा शब्द आहे. तो कुत्र्याला लावला गेला की स्थूलता हा विकार आहे ही जाणीवच नष्ट होते. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदारापेक्षा एक चतुर्थांश कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे आढळले. गुटगुटीतपणाची किंमत या आकड्यांत दिसते.

‘बाधणे’ हे क्रियापद येथेही उपयोगी पडते. माणसाला पथ्याचा असलेला कांदा आणि लसूण कुत्र्याला व त्याहूनही अधिक मांजराला बाधतात, मग ते शिजवलेले का असेनात. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांनी तांबड्या पेशी फुटतात; हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते. ही चिन्हे पुष्कळदा काही दिवसांनी दिसत असल्याने रस्सा-भाताशी त्यांचा संबंध कोणी जोडत नाही. चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल यांचीही गणना कुत्र्याच्या विषांतच करावी लागते.

६

सारांश, लोकांनी दिलेली कारणनामे बहुधा विश्वसनीय आहेत, लक्षणनामे खरी पण विशेषणाची अपेक्षा करणारी आहेत, भाषांतरित नावे रूढ म्हणून स्वीकारून त्यांतील गैरसमज स्पष्टपणे दूर केला पाहिजे, आणि माणसाकडून उसनी घेतलेली नावे त्या त्या प्राण्यातील फरकासह सांगितली पाहिजेत. या चारही बाबतींत पुढील कामाला आधार हवा तो शब्दसंग्रहाचा. धनगर, गवळी, बैल बाळगणारे शेतकरी आणि म्हशींचे गोठे चालवणारे यांच्या बोलींत रोगांची, चिन्हांची आणि शरीराच्या भागांची कितीतरी नावे आजही वापरात आहेत. ती जिल्हावार गोळा करून प्रत्येक नावाखाली नेमका कोणता विकार येतो हे पशुवैद्याकडून पडताळून घेणे, हे भाषाविभाग आणि पशुवैद्यक महाविद्यालये यांनी मिळून करण्याचे काम आहे. रात्री गोठ्यात बसलेल्या गाईची अवस्था दूरध्वनीवरून सांगणारा मालक आणि ती ऐकणारा पशुवैद्य यांच्यामध्ये त्या घटकेला शब्दांखेरीज दुसरे साधन नसते. दोघांच्या शब्दांचा अर्थ एकच असावा, एवढ्यासाठी हा संग्रह हवा.